संगिनी : दोन महायुद्धांचे लोखंड आणि वर्धा जिल्हा

वर्धा जिल्ह्याचे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या मनश्चक्षूंसमोर चरखा उभा राहतो, सेवाग्रामची मातीची कुटी उभी राहते, पवनारजवळचे धाम नदीचे पात्र उभे राहते. त्याच जिल्ह्यात, देवळी तालुक्यातील पुलगाव येथे, लष्कराच्या दारूगोळ्याचे देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक भांडार आहे, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानी सहसा येत नाही. चरख्याचा आणि तोफगोळ्याचा असा शेजार महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळेल. म्हणूनच जुन्या युद्धसाहित्याच्या संग्रहाविषयी, आणि त्यातही संगिनींच्या संग्रहाविषयी, लिहावयाचे ठरविल्यावर आम्ही वर्धा जिल्हाच डोळ्यांपुढे ठेवला आहे.

संगिनींचा संग्रह करणारी माणसे आपल्याकडे मूठभरच आहेत. युरोप-अमेरिकेत त्यांची मंडळे आहेत, त्यांचे जाडजूड सूचिग्रंथ आहेत. आपल्याकडे हा छंद पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि गावोगावच्या भंगाराच्या दुकानांत वाढला. सेमिनरीत शिकत असताना रविवारी मोकळा वेळ मिळाला की आम्ही काही मित्र पुण्याच्या जुन्या बाजारात पुस्तके शोधावयास जात असू. तेथे कुलपे, पितळी दिवे, तुटके ग्रामोफोन यांच्या राशीत एखादी गंजलेली संगीन हमखास पडलेली असे. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांनी असल्या वस्तूला हात लावावा की नाही, यावर आमच्यात वाद होत असे. आम्ही हात लावला, आणि पात्याच्या मुळाशी कोरलेली बारीक अक्षरे वाचण्याची खोड आम्हांस तेव्हापासून लागली.

प्रथम शब्दाविषयी. ‘बायोनेट’ हे नाव फ्रान्सच्या नैर्ऋत्येस असलेल्या बायोन नगरावरून पडले असे मानतात. सतराव्या शतकात हा सुरा बंदुकीच्या नळीच्या तोंडातच बुचासारखा ठोकून बसवीत. साहजिकच सुरा लावला की गोळी झाडता येत नसे. पुढे नळीच्या बाहेरून कडे बसविण्याची युक्ती निघाली, आणि भाला व बंदूक ही दोन्ही आयुधे एकाच शिपायाच्या हाती आली. भालाईत आणि बंदूकधारी असे पायदळाचे दोन वर्ग होते, ते एक झाले. आपल्याकडे या आयुधास फारसीतून आलेला ‘संगीन’ हा शब्द रूढ झाला. ‘संग’ म्हणजे दगड. जे दगडासारखे भक्कम ते संगीन. मराठीत आपण अजूनही एखाद्या पक्क्या, टिकाऊ कामाला संगीन काम म्हणतो. ‘संगिनी’ म्हणजे सखी, हा संस्कृत शब्द अगदी निराळा. पण शिपायाच्या कमरेला रात्रंदिवस लटकणाऱ्या त्या वस्तूचे अनेकवचन नेमके तेच व्हावे, ही भाषेची एक गंमतच म्हणावयाची.

पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायाच्या हाती जी संगीन होती, तिचा नमुना १९०७ सालचा. तिची कुळकथा मोठी विलक्षण आहे. ब्रिटिशांनी आपली ली-एन्फील्ड रायफल आखूड केली, तेव्हा समोरच्या शत्रूच्या लांब बंदुकीपुढे आपला शिपाई उणा पडेल ही चिंता त्यांच्या सेनाधिकाऱ्यांना लागली. तो उणेपणा भरून काढण्यासाठी लांब पात्याची संगीन हवी होती, आणि तिचे उदाहरण त्यांनी घेतले जपानकडून. जपानची ‘तीस क्रमांकाची’ संगीन सम्राट मेइजी यांच्या राजवटीच्या तिसाव्या वर्षी, म्हणजे १८९७ साली, सिद्ध झाली होती. तिचे पाते सुमारे ४० सेंटिमीटर. ब्रिटिशांनी ते आणखी थोडे वाढवून १७ इंच केले. जपानी संगिनीच्या मुठीपाशी शत्रूचे पाते अडवून पिळण्यासाठी एक आकडी असे. तीही सुरुवातीला जशीच्या तशी उचलली. १९१३ साली ती निरुपयोगी ठरवून काढून टाकण्यात आली, आणि जुन्या संगिनी दुरुस्तीला आल्या की त्यांच्या आकड्या कापल्या जाऊ लागल्या. परिणामी आकडीसह टिकलेली संगीन आज दुर्मीळ झाली आहे, आणि साध्या संगिनीला नवी आकडी जोडून ती जुनी म्हणून खपविणारे कारागीरही निपजले आहेत. जोडकामाची रेघ घासून पुसली तरी लोखंडाचा रंग फसवीत नाही, असे जाणकार सांगतात.

या संगिनीवरील ठसे म्हणजे तिचे जन्मपत्रच. पात्याच्या मुळाशी एका अंगाला मुकुट, खाली राजाच्या नावाची आद्याक्षरे आणि ‘१९०७’ हा आकडा असतो. हा आकडा नमुन्याचा आहे, घडणीचा नव्हे. तरीही प्रत्येक विक्रेता ‘साहेब, १९०७ ची आहे’ असे बजावून सांगतो. घडणीचा महिना व वर्ष त्याखाली बारीक अंकांत असतात, आणि शेजारी कारखान्याचे नाव: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स, अमेरिकेचा रेमिंग्टन, ऑस्ट्रेलियातील लिथगो. दुसऱ्या अंगाला सरकारी मालकीचा बाणाचा ठसा आणि फुलीसारखी एक खूण असते. ती फुली म्हणजे पाते वाकवून पाहिले आणि ते पुन्हा सरळ झाले, याची पावती. १९१६ पासून मुठीच्या टोकाला एक छिद्र पाडू लागले, म्हणजे खाचेत साचलेली माती व तेल बाहेर पडावे. ती खंदकांच्या चिखलाने शिकविलेली सुधारणा होती. एवढ्याशा छिद्रावरून फ्लँडर्सचा पाऊस ओळखता येतो!

आपल्या देशात हुगळीकाठी ईशापूर येथील रायफल कारखान्यात या संगिनी घडत. त्यांवर ‘आर. एफ. आय.’ ही तीन अक्षरे असतात. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे, मोटारगाड्या आणि ब्रह्मदेशाचे जंगल यांत १७ इंचांचे पाते अडचणीचे होऊ लागले, तेव्हा ईशापूरने ते १२ इंचांवर आणले. विदर्भात जुन्या घरांतून वा भंगारात जी संगीन सापडते, ती बहुधा हीच आखूड देशी संगीन. ब्रिटनने तर त्याच सुमारास नव्या रायफलीसाठी पातेच काढून टाकले आणि आठ इंचांची खिळ्यासारखी सळई बसविली. तिला ना धार, ना देखणेपणा; शिपायांनी तिला डुक्कर भोसकण्याची सळई म्हणून नावे ठेवली.

आता संगिनीच्या पराक्रमाविषयी. चित्रांतून, स्मारकांतून आणि भरतीच्या जाहिरातींतून संगीन रोखून धावणारा शिपाई आपण इतक्या वेळा पाहिला आहे की महायुद्ध तिनेच लढले गेले असे वाटावे. वस्तुस्थिती निराळी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश इस्पितळांत आलेल्या जखमींच्या नोंदी पाहिल्या, तर संगिनीच्या जखमा शंभरात एकाहूनही कमी भरतात. जे जागीच मेले ते इस्पितळात आलेच नाहीत, हे लक्षात घेतले तरी संहाराचे खरे काम तोफगोळ्यांनी आणि मशीनगनने केले यात शंका नाही. संगिनीचा उपयोग शिपायाने डबे उघडण्यासाठी केला, पाव भाजण्यासाठी केला, खंदकाच्या भिंतीत खोचून तिच्यावर पिशवी टांगण्यासाठी केला. मग सेनापतींनी तिचा एवढा आग्रह का धरला? कारण तिच्यामुळे मारण्याची मानसिक तयारी होते, असे त्यांचे मत होते. भुशाच्या पोत्याला माणूस समजून आरोळी ठोकीत भोसकावयास शिकविणे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. संगिनीचा हा उपयोग आम्हांस तिच्या धारेहून अधिक भयंकर वाटतो. १ ऑगस्ट १९१७ रोजी परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना पत्र लिहून या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांनी ते कानाआड केले. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत रविवारी मिस्सा होत होती, हेही येथे नमूद करावयास हवे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसे गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. मराठा पलटणींच्या वाट्याला मुख्यत्वे मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रीस नदीच्या वळणावरील कूत या गावी ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी त्यांना वेढले. अन्न संपले, घोडे व खेचरे कापून खाण्याची पाळी आली, ते मांस कित्येक हिंदी शिपायांनी धर्मभावनेपोटी नाकारले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांचे सैन्य शरण गेले. त्यापूर्वी तोफा आणि दारूगोळा नष्ट करण्यात आला. वाळवंटातून चालत नेलेल्या त्या कैद्यांपैकी किती तरी वाटेतच पडले.

त्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मारक बसरा येथे १९२९ साली उभे राहिले. १९९७ साली ते शहराजवळून हलवून वाळवंटात नेण्यात आले. त्या स्मारकाच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. परंतु साध्या हिंदी शिपायांची नावे नाहीत. पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांचा आकडा, एवढेच. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्मरणातील हा भेदभाव मान्य करून क्षमा मागितली. आपल्याकडे सातारा व कोकण भागांतील गावांत संगमरवरी पाट्या आढळतात: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामास आले. तेथेही बहुधा आकडाच असतो, नाव नसते.

संगिनीचे मात्र तसे नाही. तिच्यावर कारखान्याचे नाव आहे, महिना आहे, वर्ष आहे, तपासनिसाचा ठसा आहे, कित्येकदा मुठीवर पलटणीची खूण आणि अनुक्रमांकही आहे. लोखंडाची नोंद ठेवणाऱ्या साम्राज्याने माणसाचे नाव दगडावर कोरले नाही. संगिनींचा संग्रह करावा असे आम्हांस वाटते ते याच कारणासाठी.

आता वर्ध्याकडे वळू. २३ जुलै १९३९ रोजी, युद्धाला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरला एक छोटे पत्र लिहिले. सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. १९४० च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांनी दुसरे, दीर्घ पत्र लिहिले. तेही पोहोचले नाही. मध्यंतरी १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथे युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला आणि ते कारावासात गेले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी येथून निघून जावे असा ठराव केला, तो वर्ध्यातच. आणि पाठोपाठ १६ ऑगस्ट रोजी याच जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. आंदोलक मेले, पोलीसही मेले. अहिंसेच्या राजधानीपासून आष्टी फार दूर नाही, हे इतिहासाने त्या दिवशी दाखविले.

याच काळातील एक लहानशी हकिकत फारशी कोणी सांगत नाही. १९३३ साली निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या परंपरेतील केशव नावाने ओळखला जाणारा एक भिक्षू पुढे आश्रमात राहिला. तो डफासारखे वाद्य वाजवीत मंत्र म्हणत असे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि पोलिसांनी त्या भिक्षूला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यासाठी उचलून नेले. गांधीजींनी त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायम ठेवला. इकडे हे घडत होते, आणि तिकडे पूर्व सीमेवर, मार्च १९४४ मध्ये, मणिपूरच्या डोंगरांतील सांगशाक येथे चौथी मराठा पलटण जपान्यांशी भिडली. जपान्यांच्या हाती तीच ‘तीस क्रमांकाची’ संगीन, आणि मराठ्यांच्या हाती तिच्यावरूनच बेतलेली तिची ब्रिटिश लेक! वर्ध्यात पुढे त्याच फुजी गुरुजींच्या परंपरेने विश्वशांती स्तूप उभारला.

परंतु चित्राची आणखी एक बाजू आहे, आणि ती गाळली तर आमचा निबंध अपुरा राहील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महार समाजाची सैन्यभरती बंद केली. लढवय्या जाती अमुक आणि बाकीच्या नव्हेत, असा एक सिद्धान्त तेव्हा साहेबांच्या डोक्यात शिरला होता. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत नोकरी केलेल्या घरांची भाकरी त्यामुळे गेली, आणि भाकरीबरोबर शाळा व गणवेशही गेला. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण आणि १९४२ साली नागपूरजवळच्या कामठीत दुसरी पलटण उभी राहिली. म्हणजे वर्ध्यात ज्या काळी युद्धास नकार देऊन माणसे तुरुंगात जात होती, त्याच काळी काही तासांच्या अंतरावर कामठीत भूमिहीन घरांतील तरुण भरतीच्या रांगेत उभे होते. त्यांच्या लेखी हाती आलेली रायफल आणि संगीन म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतून बाहेर पडण्याचा दाखला होता. या दोहोंपैकी कोण बरोबर, हा निवाडा आम्ही करीत नाही. ज्याने कधी बंदूक हाती घेतलीच नाही त्याने ती टाकणे, आणि ज्याला ती हाती घेऊच दिली नाही त्याने ती मागणे, ही दोन कृत्ये एका तराजूत घालता येत नाहीत.

वर्ध्यातच मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते खुले झाले. ग्रामोद्योगांची अवजारे तेथे मांडली आहेत. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे आपल्यासारखेच ख्रिस्ती, तंजावरच्या घराण्यातले. हिशेबतपासनीसाचा विलायती पेशा सोडून ते येथे मातीच्या घरात राहिले, तुरुंगात गेले, आणि तुरुंगात बसून त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर एक पुस्तकही लिहिले. आपल्या समाजात कुमारप्पा फारसे वाचले जात नाहीत, याचा खेद वाटतो. सेवाग्रामच्या आश्रमात एक लाकडी चिमटा आणि पिंजरा जपून ठेवला आहे. साप न मारता पकडावा आणि रानात सोडावा, यासाठीची ती साधने. शस्त्रांच्या इतिहासकाराने ती अवश्य पाहावीत.

आणि पुलगाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याची मोठी कोठारे देशाच्या पोटात, सीमांपासून दूर आणि लोहमार्गाच्या कडेला हलविण्याचे धोरण होते. मुंबई-नागपूर मार्गावरील पुलगाव त्यासाठी सोयीचे ठरले. आज सुमारे सात हजार एकरांवर ते पसरले आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तेथील एका कोठाराला आग लागली. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत असल्याचे नंतर सांगण्यात आले. अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी मिळून किमान सोळा जण प्राणांस मुकले. आगरगाव, नागझरी अशा गावांतील लोक अंधारात घरे सोडून पळाले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) येथील मैदानावर कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत ठेकेदाराने आणलेले आसपासच्या गावांतील रोजंदार होते. स्फोटानंतर मातीत उरणारे तांबे, पितळ, लोखंड वेचून विकणे हा त्या गावांतील कित्येक घरांचा जोडधंदा असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून आले होते.

युद्धसाहित्याच्या संग्रहाचा हा दुसरा प्रकार. लंडनच्या लिलावात एखादी आकडीदार संगीन मखमलीवर ठेवून विकली जाते, तीही शेवटी भंगारच. सोनेगावचा माणूस जे वेचतो तेही भंगारच. पहिल्यास छंद म्हणतात, दुसऱ्यास चोरटेपणा. त्या वेचणाऱ्यांच्या घरी आम्ही गेलो आहोत. कापसाला भाव नसलेल्या वर्षी किलोभर पितळेचे काय मोल असते, हे तेथे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

महायुद्धे संपल्यावर लक्षावधी संगिनींचे काय झाले? ब्रिटनने एकट्या पहिल्या महायुद्धात या नमुन्याच्या सुमारे पंचवीस लाख घडविल्या होत्या. काही पोलिसांकडे गेल्या. थ्री नॉट थ्री रायफल आपल्या राज्यांच्या पोलिसांनी कित्येक दशके वापरली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. बाकीचा माल लिलावात निघाला, भंगारात गेला, लोहाराच्या भट्टीत गेला. यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगर होताना पाहिले, तो दिव्य दृष्टान्त होता. लोहाराच्या भट्टीत संगिनीचे खुरपे वा विळा होतो तो मात्र केवळ पोलाद चांगले असते म्हणून.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. शिपायाला निवृत्त होताना रायफल व संगीन परत करावी लागे. ती सरकारी मालमत्ता होती. ‘आजोबांची संगीन’ म्हणून जी घराघरांत दाखवितात, ती पुष्कळदा नंतर बाजारात घेतलेली असते. हिंगणघाटच्या बाजूस एका घरी आम्हांस अशीच एक संगीन दाखविण्यात आली. पणजोबांनी ती पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून आणली, अशी घरची श्रद्धा. पाते बारा इंचांचे, ठसा ईशापूरचा, साल १९४२. घरच्या वृद्ध आजीबाई, घरातले सर्वजण आमच्या तोंडाकडे पाहत होते. खरे बोलणे भाग होते, आणि आम्ही ते बोललो. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग आजीबाईंनी सुनेला सांगून पेटीतून एक घडी घातलेला कागद काढविला. तो पणजोबांचा पलटणीतून सुटल्याचा दाखला होता: नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरील खुणा, नोकरीची वर्षे. कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या. ‘फादर, हा तरी खरा आहे ना?’ त्यांनी विचारले. तो खरा होता. संगिनीला घरात मखर होते, आणि हा कागद जुन्या लुगड्याखाली पडून होता.

संग्रह करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी कायद्याविषयी दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांच्या परिशिष्टात तलवार, खंजीर, भाला यांच्या जोडीने संगिनीचे नाव स्पष्ट घातलेले आहे. जेथे सरकारने अधिसूचना काढली असेल तेथे अशा शस्त्रासाठी परवाना लागतो. शिवाय पोलिसांचे जमावबंदीचे वा शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. तेव्हा घेण्यापूर्वी आपल्या पोलीस ठाण्यात विचारणे शहाणपणाचे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. पहिल्या महायुद्धातील संगिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. पुलगावच्या परिसरात सापडणाऱ्या कोणत्याही गोळ्याला, कवचाला वा नळीला हात लावू नये. ते रिकामे दिसते म्हणून रिकामे असतेच असे नाही. संगीन घासून चकचकीत करू नये, त्याने ठसे पुसले जातात. हलके तेल आणि मऊ फडके पुरे. चामड्याचे म्यान निराळे ठेवावे, त्यातील ओलावा पाते खातो.

आणि प्रत्येक संगिनीबरोबर एक वही असावी. ती कोठून आली, कोणाच्या घरातून आली, त्या घरातील कोण सैन्यात होते, त्याची पलटण कोणती, हे त्या वहीत लिहावे. दाखला, पदक, पलटणीतून आलेले पत्र असेल तर त्याची छायाप्रत काढून ठेवावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. युद्धात मेलेल्यांचा शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नाव व पलटण देऊन घेता येतो. नावाचे इंग्रजी स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने कसेही लिहिले असण्याचा संभव असल्याने चार-पाच प्रकारे पाहावे. निवृत्तांच्या कागदपत्रांसंबंधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. हिंगणघाटच्या त्या दाखल्याची छायाप्रत आम्ही काढून घेतली आहे. मूळ कागद आजीबाईंच्या पेटीत, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, संगिनीखालीच ठेवला आहे.